कुलूप, किल्ली आणि यतना

व्यापारी कुटुंबांत दोन वह्या असतात. दुकानाची वही दिवाळीला बदलते आणि मनाची वही संवत्सरीला मिटते. कोणाचे देणे राहिले, कोणाला शब्दाने दुखावले, कोणाचा हक्क नकळत मारला गेला, याचा हिशेब पर्युषणाच्या आठ आणि दशलक्षणाच्या दहा दिवसांत घरोघर मांडला जातो. कोरोनाच्या काळातील एक हिशेब मात्र अनेक घरांत अजून उघडाच राहिलेला आहे. दुकाने उघडावीत की बंद ठेवावीत, देरासरांची दारे खुली व्हावीत की नाही, या प्रश्नांवर त्या काळात पिता-पुत्र, भाऊ-भाऊ, पेढीचे भागीदार आणि संघाचे विश्वस्त यांच्यात तीव्र मतभेद झाले. २०२२ च्या एप्रिलच्या आरंभी महाराष्ट्रातील निर्बंध उठले आणि तो वाद आपोआप विरून गेला. विरून गेला, पण मिटला नाही. साथी येतात आणि जातात. पुढची साथ येईल तेव्हा हाच प्रश्न पुन्हा दारात उभा राहणार आहे. म्हणून भय आणि राग ओसरल्यानंतर त्याचा शांतपणे विचार करणे इष्ट ठरते.

दोन पाडवे, दोन अक्षय्य तृतीया

२२ मार्च २०२० च्या जनता संचारबंदीनंतर २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. तो दिवस गुढीपाडव्याचा होता. आरंभी एकवीस दिवसांची असलेली ही बंदी १४ एप्रिल, ३ मे, १७ मे आणि ३१ मे अशी पुढे सरकत गेली. त्या पहिल्या टप्प्यात विरोधाचा सूर जवळजवळ नव्हताच. आजार नवा होता, औषध ज्ञात नव्हते, लस दूरच होती. सराफ कट्ट्यापासून भुसार पेठेपर्यंत सर्वांनी शटर खाली ओढले. ६ एप्रिलची महावीर जयंती घरातच साजरी झाली. २६ एप्रिलच्या अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाची पारणी घराच्या चार भिंतींत झाली आणि सराफांचा वर्षातील एक मोठा मुहूर्त रिकामा गेला.

जून २०२० पासून राज्य शासनाने ‘पुनश्च हरिओम’ म्हणत टप्प्याटप्प्याने शिथिलता आणली. ५ जूनपासून रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एका दिवशी आणि दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी, अशी सम-विषम पद्धत आली. कापडाच्या दुकानात कपडे घालून पाहण्यास व विकलेला माल परत घेण्यास मनाई होती. ऑगस्टमध्ये मॉल व मोठी व्यापारी संकुले उघडली. दिवाळीपर्यंत बाजार बराचसा सावरला.

परंतु फेब्रुवारी २०२१ नंतर दुसरी लाट आली आणि ५ एप्रिलपासून ‘ब्रेक द चेन’ या नावाने अत्यावश्यक नसलेली सर्व दुकाने पुन्हा बंद झाली. १३ एप्रिलचा गुढीपाडवा गेला. २५ एप्रिलची महावीर जयंती गेली. १४ मेची अक्षय्य तृतीया गेली. लग्नसराईचा दुसरा हंगाम ओळीने बुडाला. या वेळी मात्र बाजारपेठा गप्प राहिल्या नाहीत. पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर अशा अनेक शहरांत व्यापारी हातात फलक घेऊन आपापल्या दुकानांपुढे उभे राहिले. निर्बंध शिथिल करण्याचा वाद खऱ्या अर्थाने येथे पेटला.

पेढीचे गणित

व्यापाऱ्याचे म्हणणे केवळ नफ्याच्या लोभातून आले होते, असे त्या काळी वारंवार बोलले गेले. ते न्याय्य नव्हते. दुकान बंद असले तरी त्याचा खर्च बंद होत नाही. जागेचे भाडे, कर्जाचा हप्ता, विजेचा स्थिर आकार, नोकरांचा पगार, विम्याचा हप्ता हे सारे चालूच राहते. लग्नसराईसाठी भरलेला शालू-पैठणीचा माल पुढच्या वर्षी त्याच भावाने जात नाही. गावोगावच्या किरकोळ दुकानदारांकडे अडकलेली उधारी तर दुहेरी बुडते. त्यांचे दुकान बंद म्हणून ते देत नाहीत आणि स्वतःचे बंद म्हणून वसुलीला जाता येत नाही.

शासनाने काहीच केले नाही, असेही म्हणता येणार नाही. १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांसाठी कर्जहप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा मिळाली. मे २०२० मध्ये लघुउद्योग व व्यापारासाठी ३ लाख कोटी रुपयांची शासन-हमी असलेली तातडीची कर्जयोजना जाहीर झाली. पण हप्ता पुढे ढकलला तरी व्याज धावतच होते, आणि हमी असली तरी कर्ज हे शेवटी कर्जच असते. व्याजावरील व्याजाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २३ मार्च २०२१ च्या निर्णयाने त्या सहा महिन्यांचे चक्रवाढ व्याज माफ झाले. संपूर्ण व्याज मात्र माफ झाले नाही. ज्या दुकानदाराने आयुष्यभर उसने न घेता व्यवहार केला, त्याच्या हाती या योजनांतून फारसे काही पडले नाही. ‘दुकान सरकारच्या आदेशाने बंद, मग तोटा एकट्या माझा कसा?’ हा त्याचा प्रश्न अनुत्तरित राहिला.

दुसरी तक्रार विषमतेची होती. ५ एप्रिल २०२१ च्या आदेशात कोपऱ्यावरचे भांड्यांचे दुकान बंद होते. ऑनलाइन कंपनीला मात्र तेच भांडे घरपोच देण्यास सकाळी ७ ते रात्री ८ पर्यंत परवानगी होती. १४ एप्रिलच्या आदेशाने ही सवलत अत्यावश्यक वस्तूंपुरती मर्यादित झाली, पण त्या दहा दिवसांत जो विश्वास गेला तो परत आला नाही. तिसरी तक्रार वेळेची होती. एप्रिलच्या अखेरीस किराणा दुकानांना सकाळी ७ ते ११ एवढे चारच तास मिळाले. दिवसभरात विखुरणारे गिऱ्हाईक त्या चार तासांत एकवटले. गर्दी टाळण्यासाठी केलेल्या नियमानेच गर्दी वाढवली, हे पेठेत बसलेल्या कोणालाही दिसत होते. निर्णय घेणाऱ्यांनी पेठेतील माणसांना आधी विचारले असते, तर तो नियम कदाचित वेगळा झाला असता.

रुग्णालयाचे गणित

तरीही दुसऱ्या बाजूचे गणित तितकेच खरे होते, आणि ते अधिक क्रूर होते. एप्रिल २०२१ च्या मध्यास महाराष्ट्रात दिवसाला ६० हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळत होते. मेच्या आरंभी देशाचा आकडा दिवसाला ४ लाखांपलीकडे गेला. रेमडेसिवीरच्या एका कुपीसाठी नातेवाईक औषधांच्या दुकानांपुढे रात्रभर रांगेत उभे राहत. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्णांचा श्वास थांबला. त्या आठवड्यांत व्यापारी समाजातील क्वचितच एखादे घर असे असेल, ज्याने कोणी आप्त, स्नेही किंवा सोबती गमावला नाही.

या आजाराचा स्वभाव व्यापाऱ्याच्या सवयीच्या हिशेबाला चकवणारा होता. आज विकलेल्या मालाचे पैसे आज गल्ल्यात दिसतात. आज झालेल्या गर्दीचा परिणाम मात्र आज दिसत नाही. संसर्ग झाल्यावर लक्षणे दिसण्यास काही दिवस लागतात, प्रकृती खालावण्यास आणखी आठवडा जातो. म्हणजे बाजारातील गर्दीची नोंद रुग्णालयाच्या वहीत दोन-तीन आठवड्यांनी होते. ‘दुकाने उघडली, काहीच झाले नाही’ हे विधान पहिल्या आठवड्यात नेहमीच खरे वाटते, आणि तिसऱ्या आठवड्यात ते तपासायला कोणी थांबत नाही. शासनाच्या बाजूने बोलणाऱ्या डॉक्टरांना हेच सांगायचे होते. पण नफ्यातोट्याच्या कल्लोळात त्यांचे म्हणणे अनेकदा व्यापारविरोध मानले गेले.

जून २०२१ मध्ये शासनाने या दोन्ही गणितांचा मेळ घालण्याचा एक प्रयत्न केला. ७ जूनपासून जिल्ह्यांचे पाच स्तर झाले. चाचण्यांमध्ये बाधित निघणाऱ्यांचे प्रमाण किती आणि ऑक्सिजनच्या खाटा किती भरलेल्या, या दोन मापांवर स्तर ठरत असे. बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आणि खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील तर व्यवहार जवळपास पूर्ववत. प्रमाण २० टक्क्यांवर गेले तर सर्वाधिक कडक निर्बंध. ही पद्धत निर्दोष नव्हती. पण तिच्यात एक मोठा गुण होता: कुलूप कोणत्या आकड्याला लागेल आणि कोणत्या आकड्याला निघेल, हे प्रथमच आधी लिहून ठेवले गेले. व्यापाऱ्याला जोखीम सोसता येते, अनिश्चितता सोसवत नाही. दुर्दैवाने महिनाही पूर्ण होण्याआधी नव्या विषाणूच्या भीतीने सर्व जिल्हे किमान तिसऱ्या स्तरावर आणले गेले आणि दुपारी ४ वाजता शटर ओढण्याची वेळ सर्वांवर आली. आकडा उतरला तरी कुलूप निघत नाही, असे दिसताच नियमावरील श्रद्धा उडाली. ऑगस्टच्या आरंभी बावीस जिल्ह्यांना रात्री ८ पर्यंत मुभा मिळाली. पुणे, सोलापूर, सांगली, कोल्हापूर, साताऱ्यासह अकरा जिल्हे तेव्हा मागेच राहिले. जैन व्यापाऱ्यांची वस्ती मोठी असलेल्या या बाजारपेठांतच रोष सर्वांत तीव्र होता, यात नवल नाही.

देरासराची दारे

दुकानाच्या वादाला पोटाचा आधार होता. मंदिरांच्या वादाला श्रद्धेचा. केंद्राने ८ जून २०२० पासून धार्मिक स्थळे उघडण्यास अनुमती दिली होती, पण महाराष्ट्राने ती बंदच ठेवली. मद्याची दुकाने ४ मे २०२० रोजीच उघडली होती आणि त्यांच्यापुढील रांगा साऱ्या देशाने पाहिल्या होत्या. ५ ऑक्टोबरला उपाहारगृहे आणि मद्यालये अर्ध्या क्षमतेने सुरू झाली. मंदिरे मात्र १६ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे बलिप्रतिपदेपर्यंत, थांबली. या क्रमाने समाजाचे मन दुखावले, हे नाकारता येत नाही. राज्याला महसूल हवा असतो हे समजते; पण व्यसनाचे दार आधी आणि प्रार्थनेचे दार नंतर उघडताना त्यामागचे कारण लोकांना नीट सांगण्याचे कर्तव्य शासनाला टळत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात याच विषयावर पत्रांची देवाणघेवाण झाली. तेथून प्रश्न आरोग्याचा न राहता राजकारणाचा झाला.

या पार्श्वभूमीवर ऑगस्ट २०२० ची एक घटना अधिक बोधप्रद आहे. पर्युषणात देरासरे उघडण्याची विनंती प्रथम मुंबई उच्च न्यायालयात झाली आणि ती नाकारली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २१ ऑगस्ट रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने मुंबईतील दादर, भायखळा आणि चेंबूर येथील तीन देरासरे २२ व २३ ऑगस्ट या दोन दिवसांसाठी उघडण्यास परवानगी दिली. अट अशी की एका वेळी पाच आणि दिवसभरात मिळून २५० हून अधिक व्यक्ती आत जाणार नाहीत. आर्थिक व्यवहारांना मोकळीक आणि धर्मस्थळांना मात्र साथीचे कारण, या विसंगतीवर सरन्यायाधीशांनी बोट ठेवले. त्याच वेळी हा आदेश इतरत्र, विशेषतः गणेशोत्सवातील गर्दीला, लागू होणार नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

या आदेशाने समाजातही दोन मते झाली. एका बाजूला आनंद होता. दुसऱ्या बाजूला, ज्या मुंबईत लाखो जैन राहतात तेथे तीन देरासरांत दिवसाला २५० जणांनी जायचे, तर ते कोणी जायचे, असा प्रश्न होता. अनेक वृद्ध श्रावकांनी त्या वर्षी घरीच प्रतिक्रमण करणे पसंत केले. अनेक आचार्य व साध्वीजींनी घरच्या सामायिकालाही तेच मोल असल्याचे सांगितले. दोन्ही वर्तने श्रद्धेचीच होती. न्यायालयाच्या दारी जाणारा अधिक धार्मिक आणि घरी बसणारा कमी धार्मिक, किंवा उलट घरी बसणारा शहाणा आणि जाणारा हट्टी, असे कोणी म्हणत असेल तर त्याने अनेकान्ताचा पहिला धडाच विसरला, असे समजावे.

एप्रिल २०२१ मध्ये याहून सुंदर तोड निघाली. चैत्री आयंबील ओळीचे दिवस आले आणि भोजनशाळा बंद होत्या. आयंबीलचे उकडलेले, तेल-तूप-मसाल्याविना असलेले अन्न विशिष्ट रीतीने शिजवावे लागते. ते घरोघर जमतेच असे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने मार्ग काढला: भाविकांनी देरासरात यायचे नाही, अन्न तेथे शिजेल आणि मोजके स्वयंसेवक ते तपस्व्यांच्या घरी पोहोचवतील. तप घडले आणि गर्दी टळली. उघडावे की बंद ठेवावे या दोन टोकांच्या मध्ये अशा अनेक वाटा असतात. त्या शोधण्यास वेळ आणि परस्परांविषयी आदर लागतो. घोषणा देण्यास दोन्ही लागत नाहीत.

शास्त्राची कसोटी

या वादाकडे पाहण्याची जैन दृष्टी कोणती? ‘अहिंसा परमो धर्म’ असे म्हणून टाळेबंदीचे सरसकट समर्थन करणारे होते, आणि ‘कर्म जसे असेल तसे होईल’ असे म्हणून निष्काळजीपणाला धर्माचे वस्त्र चढवणारेही होते. शास्त्र या दोन्हींहून अधिक सूक्ष्म आहे.

आचार्यांनी गृहस्थाच्या संदर्भात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून केलेली संकल्पी हिंसा श्रावकाला सर्वथा वर्ज्य आहे. चूल पेटवताना, शेती-व्यापार करताना होणारी आरंभी व उद्योगी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही. ती यतनेने कमीत कमी करणे हे त्याचे व्रत आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, स्थान दिलेले आहे. जीव गेला एवढ्यावरून दोष ठरत नाही; तो जाताना माणूस सावध होता की बेफिकीर, याला महत्त्व आहे.

हे माप टाळेबंदीच्या वादाला लावले तर बराच गुंता सुटतो. सर्व व्यवहार बंद करणे हा महाव्रताचा मार्ग झाला. मुनींना तो शोभतो, कारण त्यांचा चरितार्थ गोचरीवर आहे आणि गोचरी देणारा गृहस्थ कोठेतरी चूल पेटवत असतो. सारा समाजच महाव्रती झाला तर गोचरी कोण देणार? म्हणून समाजासाठी अणुव्रते आहेत. श्रावकाच्या व्रतांत दिशेची मर्यादा आहे, ठरावीक काळापुरती ठरावीक क्षेत्राबाहेर न जाण्याचे देशावकाशिक व्रत आहे, अनर्थदंडाचा, म्हणजे विनाकारण केलेल्या कृतीचा, त्याग आहे. उघडलेल्या दुकानात मुखपट्टी, अंतर, मोजकी माणसे, खेळती हवा ही उद्योगातील यतना होय. दुकान उघडणे हे पाप नव्हते. दुकान उघडून मुखपट्टी हनुवटीवर लोंबती ठेवणे हा प्रमाद होता. दुकान बंद ठेवणे हेच पुण्य नव्हते. दुकान बंद ठेवून दोनशे पाहुण्यांचा विवाह हॉलच्या मागच्या दाराने उरकणे हाही प्रमादच होता. आणि असे विवाह झाले, हे समाज जाणतो.

एक भेद मात्र विसरता येत नाही. व्रत माणूस स्वतः घेतो. टाळेबंदी दुसऱ्याने लादलेली होती. लादलेल्या नियमाला व्रताचे बळ यायचे असेल, तर नियम करणाऱ्यावर विश्वास हवा. १८९७ च्या साथरोग कायद्याचा आधार २०२० मध्येही घेतला गेला. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोऱ्या सोजिरांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या, लोकांची मने पेटली आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. उद्देश साथ रोखण्याचा होता, पण रीत अपमानाची होती. विश्वास नसेल तर योग्य उपायही लोकांना जुलूम वाटतो, हे त्या इतिहासाने शिकवले आहे.

वादात ज्यांचा आवाज नव्हता

निर्बंधांच्या वादात दोन पक्ष ऐकू येत होते: शासन आणि व्यापारी. तिसरा पक्ष मुका होता, आणि जैन व्यापारी कुटुंबांनी आपला हिशेब तपासताना याच पानावर सर्वाधिक वेळ थांबले पाहिजे.

मे २०२० मध्ये जालन्यातील पोलाद कारखान्यांत राबणारे काही मजूर मध्य प्रदेशातील आपल्या गावी जाण्यासाठी रुळांवरून चालत निघाले. थकून रुळांवरच झोपले. ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे मालगाडीखाली त्यांतील सोळा जणांचा अंत झाला. विषाणूने त्यांना स्पर्शही केला नसेल. बंदीनेही माणसे मरतात, याचा याहून ठळक पुरावा नाही. ‘जीव महत्त्वाचा की व्यापार?’ असे विचारणाऱ्यांनी हे विसरू नये की कामगाराचा जीव व्यापाराच्याच दोरीला बांधलेला असतो.

पण हीच दोरी व्यापाऱ्यालाही प्रश्न विचारते. जून २०२० मध्ये मुंबईतील दुकाने उघडली तेव्हा लोकलगाड्या सामान्य प्रवाशांना बंद होत्या. त्या १ फेब्रुवारी २०२१ पासून, तेही ठरावीक वेळांत, खुल्या झाल्या. मधले आठ महिने विरार, बदलापूर, पनवेलहून दुकानात येणारा विक्रेता खच्चून भरलेल्या बसमधून तासन्‌तास प्रवास करीत होता. ‘दुकान उघडा’ या मागणीसोबत ‘आमच्या माणसाच्या प्रवासाची सोय करा’ ही मागणी तितक्याच मोठ्या आवाजात किती संघटनांनी लावून धरली? एप्रिल २०२१ मध्ये तर याहून टोचणारी स्थिती होती. १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली; १८ वर्षांवरील सर्वांसाठी ती १ मेपर्यंत खुली नव्हती, आणि नंतरही तुटवड्यामुळे तरुणांचे लसीकरण रखडले. म्हणजे गादीवर बसलेले शेठजी लस घेऊ शकत होते. गिऱ्हाइकापुढे थान उलगडणारा पंचविशीतला मुलगा घेऊ शकत नव्हता. दुकान उघडण्याची जोखीम दोघांची म्हटली जात होती, पण तिची वाटणी समान नव्हती.

पगाराचे पानही असेच आहे. २९ मार्च २०२० रोजी केंद्राने बंदीच्या काळातही पूर्ण वेतन देण्याचा आदेश काढला. तो लहान पेढ्यांना पेलणारा नव्हता; पुढे तो मागे घेतला गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसांत समझोता करावा असे सुचवले. या समझोत्यात काय झाले, हे प्रत्येक पेढीची जुनी वहीच सांगू शकते. कित्येक पेढ्यांनी दागिना गहाण ठेवून मुनीम-गुमास्त्यांची घरे चालवली. कित्येकांनी अर्धा पगार दिला. काहींनी दूरध्वनी उचलणेच बंद केले. हमालांची, पेठेतील चहावाल्याची, मालाचे गठ्ठे ओढणाऱ्या हातगाडीवाल्याची तर कोणत्याच वहीत नोंद नव्हती.

समाजाने सेवा केली नाही, असे मुळीच नाही. भारतीय जैन संघटनेचे फिरते दवाखाने वस्त्यावस्त्यांत गेले. गावोगावच्या संघांनी अन्नछत्रे चालवली, धर्मशाळांत विलगीकरणाची सोय केली, ऑक्सिजन यंत्रे मिळवून गरजूंना दिली. हे दान मोठे होते. परंतु दान आणि देणे यांत फरक आहे. अन्नछत्रात अनोळखी माणसाला जेवू घालणे हे दान. आपल्या दुकानात वीस वर्षे राबलेल्याच्या घरी धान्य पोहोचवणे हे देणे. देणे चुकते केल्यावरच दानाला शोभा येते.

पुढच्या वेळेसाठी

त्या दोन वर्षांतून व्यापारी महासंघांना, संघांना आणि घरांना घेता येतील असे काही धडे स्पष्ट आहेत.

शासनाकडे मागायची पहिली गोष्ट म्हणजे लेखी आणि स्थिर मापदंड. कोणत्या आकड्याला बंदी, कोणत्या आकड्याला मुभा, हे आधी ठरावे आणि मध्येच बदलू नये. दुसरी, आदेश काढण्यापूर्वी बाजारपेठेच्या प्रतिनिधींशी बोलणे. चार तासांच्या किराण्यासारख्या चुका त्यामुळे टळतील. तिसरी, सार्वजनिक हितासाठी ज्याचे दुकान बंद केले त्याच्या तोट्यातील काही वाटा सार्वजनिक तिजोरीने उचलावा. स्थानिक कर, वीज आकार, परवाना शुल्क यांत सूट देण्यापासून आरंभ करता येईल. चौथी, दुकान उघडण्याची तारीख आणि कामगारांच्या प्रवासाची व लसीची तारीख एकत्र जोडलेली असावी.

व्यापाऱ्याने स्वतःकडून मागायच्या गोष्टी यापेक्षा अवघड आहेत. नफ्याच्या वर्षांत संकटनिधी बाजूला काढणे ही जुनी रीत होती; कर्जावर विस्तार करण्याच्या नादात ती सुटली. तीन महिन्यांचा पगार आणि भाडे पेढीत राखीव असेल, तर बंदीच्या काळात विवेक शाबूत राहतो. कामगारांचा आरोग्य विमा हा खर्च नसून पेढीचे भांडवल आहे. आणि मोर्चात उभे राहताना फलकावर मालकाच्या मागणीखाली नोकराची मागणीही लिहिलेली असावी. तशी ती असेल, तर कोणीही त्या मोर्चाला लोभी म्हणू शकणार नाही.

त्या काळातील एक लहानशी आठवण अनेक घरांत आजही निघते. दुकाने दुपारी चारला बंद होऊ लागल्याने पुरुष मंडळी दिवसाउजेडी घरी येऊ लागली आणि वर्षानुवर्षे मोडलेला चौविहार पुन्हा सुरू झाला. रात्री दहापर्यंत दुकान उघडे ठेवल्याने नेमके किती मिळत होते आणि काय जात होते, याचा हिशेब त्या सक्तीच्या विश्रांतीत काहींनी प्रथमच केला. निर्बंध उठल्यावर बहुतेक शटर पुन्हा उशिरापर्यंत उघडी राहू लागली. थोड्या पेढ्यांनी मात्र लवकर बंद करण्याची वेळ कायम ठेवली, आणि त्यांचे दिवाळे निघाल्याचे ऐकिवात नाही.

येत्या संवत्सरीला आप्तेष्टांना, व्याही-जावयांना, भागीदारांना क्षमापना पाठवल्या जातील. त्याबरोबर एक जुनी पगारवही काढून पाहावी. मार्च २०२० मध्ये पेढीवर किती नावे होती आणि जून २०२२ मध्ये किती उरली, हे मोजावे. जी नावे गळाली, त्यांतील एकाच्या तरी घरी मालकाने स्वतः जावे, राहिलेले काही देणे असेल तर ते चुकते करावे, आणि मग हात जोडून म्हणावे: मिच्छामि दुक्कडम्.